लंगडी रेघ

काम अगदी साधं होतं. सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या चर्चच्या हॉलमध्ये पोचवायच्या आणि परत यायचं. थँक्सगिव्हिंगच्या आधी आमच्याकडे बायका मिळून विक्री लावतात, आणि माझा मुरंबा वेळेवर गेला नाही तर मिस अ‍ॅल्मा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टोमणे मारत राहते. दुपार टळत आली होती. धुकं ओढ्यावरून वर सरकायला लागलं होतं, पण त्यात नवीन काही नव्हतं. नोव्हेंबरात आमच्या क्रॅबट्री खोऱ्यात धुकं रोजच येतं, दार न वाजवता घरात शिरणाऱ्या शेजाऱ्यासारखं.

डॅडी शेगडीजवळ खुर्चीत बसले होते.

“कुठं निघालीस, लेटा?”

“चर्चला. आलेच.”

“येताना उत्तरेकडची पट्टी बघून ये. तिथलं गवत कापायचं राहिलंय.”

“बघते.”

डॅडींना निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांच्या डोक्यात ते गवत रोज वाढत होतं. मी त्यांच्या मांडीवरची गोधडी सारखी केली. त्यांचे बूट नेहमीप्रमाणे पिठाच्या डब्यामागे लपवले, म्हणजे ते बाहेर पडणार नाहीत. त्यांच्या मनगटावरचं कडं चाचपून पाहिलं आणि बरण्यांची टोपली उचलली.

त्या कड्याविषयी सांगायला हवं. विसरणाऱ्या माणसांसाठी शेरीफच्या कचेरीतून तसलं कडं मिळतं. आतला इवलासा ट्रान्समीटर सेकंदाला एकदा हाक मारतो, आणि माणूस हरवला तर ती माणसं आपलं यंत्र घेऊन हाकेच्या मागावर निघतात. दुसरीकडे ही किरकोळ गोष्ट असेल. आमच्या खोऱ्यात मात्र त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. टेकडीमागच्या कुरणात रेडिओ-दुर्बिणीची ती अवाढव्य थाळी उभी आहे, ती आकाशातलं ऐकते, म्हणून खाली आम्हाला हवा गप्प ठेवावी लागते. मोबाइल नाही, बिनतारी काही नाही. थाळीखालचं गवत कापायचा ट्रॅक्टरसुद्धा डिझेलचा, कारण पेट्रोलच्या इंजिनातली ठिणगी तिला ऐकू जाते. तो ट्रॅक्टर डॅडींनी जन्मभर चालवला. स्वतः कधी आवाज न चढवणारा माणूस, आणि म्हातारपणी त्यांच्याच हातावर हाक मारणारी वस्तू बांधावी लागली.

या कड्यावरून एका बाईशी माझं वाकडं होतं. तिचं नाव इनग्रिड. ओढ्यापलीकडच्या घरात ती शहरातून राहायला आली होती. रेडिओच्या लहरींनी तिचं डोकं दुखतं, हात बधिर होतात, झोप लागत नाही, म्हणून ती गप्प हवा शोधत इथवर पोचली होती. खरं किती, मनाचं किती, देव जाणे. डोक्याला चांदीच्या तारेचा रुमाल बांधून फिरायची. आणि तिच्या हातात कायम ते गुलाबी खेळणं असायचं.

लहान मुलींनी एकमेकींना निरोप पाठवावेत म्हणून निघालेलं ते खेळणं, बोटभर पडद्याचं, बारीक बारीक बटणांचं, दुकानांनी शेवटी मातीमोल विकून टाकलेलं. कुणीतरी शोधून काढलं होतं की त्याच्या पोटात नवा प्रोग्रॅम घातला की ते हवेतल्या लहरी मोजणारं यंत्र बनतं. खऱ्या यंत्राला मोटारीइतके पैसे पडतात. इनग्रिडने स्वयंपाकाच्या टेबलावर चष्मा लावून, तारा डाग देऊन चिकटवून ते केलं. तेव्हापासून खेळण्याचं बोलणं बंद झालं, ते नुसतं ऐकायला लागलं. पडद्यावर खाली सपाट जमीन दिसायची, आणि हवेत कुणी काही बोलत असेल तिथे उभी रेघ.

डॅडी व्हरांड्यात आले की ती पुलापलीकडे उभी राहायची.

“लेटा, तुमच्या वडिलांचं कडं माझ्या कपाळात टोचतंय.”

“आली बघ गुलाबी पोलीस,” डॅडी म्हणायचे. “तिला म्हणावं, कपाळ उचल आणि घरात ने.”

पण एकदा त्यांनीच तिला जवळ बोलावून विचारलं होतं, “मी कुठं आहे ते या डबीला कळतं कसं गं?”

ती हसली होती. तेव्हा पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं. “हे छातीशी धरायचं आणि जागच्या जागी सावकाश फिरायचं. माणसाचं अंग लहरी अडवतं. फिरता फिरता रेघ जिथं एकदम बसते, तिथं समजायचं, शोधतोय ते आपल्या पाठीमागे आहे.”

“म्हणजे पाठ केली की सापडतं,” डॅडी म्हणाले. “माझ्या बायकोसारखं.”

चर्चमध्ये मला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. परतले तेव्हा आमचं पुढचं दार उघडं होतं. शेगडी पेटलेली होती, गोधडी जमिनीवर, खुर्ची रिकामी.

मी सगळं घर पाहिलं. तळघर, गोठा, संडासाच्या मागची बाजू. हाका मारल्या. धुक्यात हाक फार लांब जात नाही, ती ओल्या कापडासारखी जवळच पडते. बूट डब्यामागेच होते, म्हणजे डॅडी कापडी सपाता घालून गेले होते. खुंटीवरचा तपकिरी कोटही नव्हता, आणि हरणांच्या शिकारीचा पहिला आठवडा. त्या दिवसांत आमच्याकडे, शिकाऱ्याला हरीण वाटू नये म्हणून, कुत्र्यालासुद्धा नारिंगी पट्टा बांधल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत.

शेरीफच्या कचेरीला फोन केला. पलीकडचा माणूस सज्जन होता. “निघतो आम्ही, बाई. पण खिंडीत धुकं आहे. दीड तास तरी धरा.”

दीड तासात अंधार पडला असता. अंधारानंतर पाणी गोठतं.

मी पूल ओलांडून इनग्रिडच्या दारावर थाप मारली.

“तुमचं ते खेळणं…”

“आत या.”

“आत यायला वेळ नाही. डॅडी गेलेत.”

तिने रुमालही बांधला नाही. तशीच खेळणं घेऊन बाहेर पडली.

आमच्या अंगणात उभं राहून तिने बटण दाबलं आणि पडदा माझ्यासमोर धरला. कुंपणाच्या काठ्या उभ्या कराव्यात तशा रेघाच रेघा.

“एवढं?” मी म्हणाले.

“हे तुमचं गप्प खोरं,” ती म्हणाली. “हे कुणाच्यातरी कुंपणातल्या विजेचं. हा फ्रीज. ही जाडजूड मिस अ‍ॅल्मांची. त्या या वेळी कपाटात लपवलेल्या मायक्रोवेव्हमध्ये सूप गरम करतात. या गर्दीत कड्याची काडी मी कुठून ओळखू?”

त्यावरचा उपाय आमच्या खोऱ्यातल्या कुणालाही सांगावा लागला नसता. थाळीवाल्यांना चोरटा गोंगाट सापडेनासा झाला की ते घरोघर मेन स्विच खाली ओढायला लावतात. लहानपणापासून आम्ही तेच पाहिलंय. मी धावत आत गेले आणि प्रार्थनेची साखळी लावली. कुणी आजारी पडलं की आमच्यात एक बाई दोघींना फोन करते, त्या दोघी पुढच्या चौघींना, आणि घटकाभरात सगळं खोरं प्रार्थनेला बसतं. साखळीची पहिली कडी मिस अ‍ॅल्मा.

“डॅडी हरवलेत. सगळ्यांना सांगा, मेन खाली ओढा.”

“अगं, माझं सूप…”

“मिस अ‍ॅल्मा!”

“ओढते, ओढते. आणि प्रार्थनाही करते. तिला वीज लागत नाही.”

मग मी अंगणात येऊन उभी राहिले आणि खोरं विझताना पाहिलं. ओढ्याच्या काठचा दिवा गेला. वळणावरची दोन घरं गेली. चर्चच्या दारावरचा दिवा गेला. धुक्यात प्रत्येक घराचा एकेक पिवळा डाग होता, तो कुणी अंगठ्याने पुसावा तसा पुसला जात होता. शेवटी मी आमचाही मेन ओढला. फ्रीज एकदा थरथरला आणि थांबला. त्यानंतर जी शांतता पसरली, तशी मी त्या घरात जन्म काढूनही ऐकली नव्हती.

इनग्रिड कुजबुजली, “आता बघा.”

पडद्यावर सपाट जमीन होती. तिच्यावर दोन रेघा.

एक घड्याळासारखी. उठायची, बसायची, उठायची, बसायची.

दुसरी जरा बाजूला. ती लंगडत होती. दोनदा लागोपाठ उठायची, मग एकदा चुकायची, मग जराशी उठायची.

“दोन कडी आहेत?” इनग्रिडने विचारलं.

“एकच.”

“मग ही नियमित आहे ती त्यांची. कडं असंच चालतं. आणि जवळ आहे. फारच जवळ.”

तिने खेळणं छातीशी धरलं आणि सावकाश गोल फिरली. रेघ बसली तेव्हा तिची पाठ आमच्या लाकडांच्या पडवीकडे होती. मी धावले. “डॅडी! डॅडी!”

पडवीत कुणी नव्हतं. झिलप्यांच्या पेटीत, वाळक्या साली आणि काटक्यांवर, कडं पडलं होतं. पट्टा नीट, सरळ कापलेला. शेजारी गुलाबाची छाटणी करायची कात्री.

मी तिथंच ओंडक्यावर बसले. कडं माझ्या हातात होतं, गार, आणि कुणालाही न शोधता हाक मारत होतं.

आणि मग माझं लक्ष खाली गेलं, जिथे खोरं असायला हवं होतं. काही नव्हतं. डॅडींचं निम्मं डोकं गेलं होतं, पण एक गोष्ट गेली नव्हती: कुरणावरून उतरताना ते कायम आमच्या स्वयंपाकघराचा दिवा धरून यायचे. जन्मभर तसेच आले होते. ते वर कुठंतरी असतील, घराकडे वळले असतील, तर त्यांनी काय पाहिलं असेल? एकेक दिवा जाताना. आणि तो दिवा मीच घालवला होता.

“दिवे लावायला हवेत,” मी उठले. “कडं इथं आहे, आता अंधार कशाला? दिवे दिसले तर ते येतील.”

“लेटा, थांबा. ही दुसरी…”

“ती कुणाची का असेना!”

“दिवे लागले की ही हरवेल,” ती म्हणाली. “हवेत आता दोनच गोष्टी आहेत. एक तुमच्या हातात आहे. दुसरी टेकडीवर चाललीय. मी फिरून फिरून बघतेय मघापासून. ती सरकते, थांबते. आपण बोलतोय ना, तेव्हा थांबलीय.”

खूप वर गोळीचा एक आवाज झाला. धुक्यामुळे तो दिशा नसलेला, नुसता एक दणका होता. रेघ लंगडत राहिली.

मी आत जाऊन मिस अ‍ॅल्माला पुन्हा फोन लावला. “अर्धा तास अंधार ठेवा. मग सगळ्यांनी सगळे दिवे लावा. ओट्यावरचे, गोठ्यातले, गाड्यांचेसुद्धा. जेवढे असतील तेवढे.” अर्धा तास मी एका रेघेला दिला होता, आणि ती कुणाची होती हे मला ठाऊक नव्हतं.

गोठ्यामागून पायवाट वर जाते. टॉर्चचा उजेड धुक्यावर आपटून परत आमच्याच तोंडावर येत होता, म्हणून मी तो खाली पायांकडे धरला. कुजलेल्या पानांचा वास, ओल्या मातीचा वास. मधेच डिझेलचा. मी थांबून हुंगलं. त्या वाटेवर डिझेलचं काही येत नाही. इनग्रिडला विचारलं, तर तिने मान हलवली; तिला आला नव्हता.

कुंपणापाशी, ओलांडताना पाय ठेवायच्या फळीखाली, डॅडींची एक सपात पडली होती.

मी ती उचलून उराशी धरली. अजून ओली झालेली नव्हती.

“बरोबर चाललोय,” इनग्रिड म्हणाली. “चल. लेटा, चल लवकर.” तोवर ती मला अहो-जाहो करायची, ते तिथेच सुटलं.

कुंपणापलीकडे झाडी दाट होते. रेघ मोठी होत होती, पडद्याच्या वरच्या कडेला टेकायला लागली होती. मी हाका मारत होते. उत्तर नव्हतं. पानंसुद्धा वाजत नव्हती, आमचीच पावलं, आणि थांबलो की तीही नाहीत.

इनग्रिड एकदम उभी राहिली.

“काय झालं?”

“बसली.”

“म्हणजे?”

“रेघ. बसली एकदम.” तिने खेळणं छातीशी घट्ट धरलं होतं. ती सावकाश वळायला लागली. उजवीकडे. मागे. डावीकडे. पूर्ण गोल. मी तिच्या हनुवटीखाली पडद्याचा तो हिरवट उजेड बघत होते. रेघ वर आलीच नाही. खाली, जमिनीलगत, लंगडत राहिली.

“लांब गेली असेल,” मी म्हणाले.

“लांब गेली असती तर सावकाश गेली असती.” “लेटा… मी कुठेही तोंड केलं तरी… ती पाठीमागेच आहे.”

मी टॉर्च उचलला नाही. उचलायला हवा होता. हातच वर होईना. तिच्या खांद्यामागे धुकं होतं, आणि धुक्यात झाडाचं एक खोड. ते झाड आधी होतं की नव्हतं हे मला आजही सांगता येणार नाही.

“माझ्या मागे बघ,” ती म्हणाली. “लेटा. बघ ना…”

“काही नाहीये.”

“खरं सांग.”

“काही नाहीये. चल. हात दे मला.”

तिचा हात बर्फासारखा होता. आम्ही मागे न बघता चालत राहिलो. दहा-वीस पावलं गेलो असू, तिने पडद्याकडे पाहिलं आणि श्वास सोडला. रेघ पुन्हा उभी राहिली होती. पुन्हा समोरून. आमच्या शेजारून कुणी घाईघाईने पुढं निघून जावं तशी.

झाडी संपली. कुरणाची उत्तरेकडची कड आली. गवत गुडघ्याएवढं, पांढरं पडलेलं. कडेला एका जुन्या ओंडक्यावर डॅडी बसले होते.

मी काय बोलले, काय रडले, आठवत नाही. त्यांचे गाल हातांत घेतले. गार होते, पण जिवंत माणसाचे होते. सपात नसलेला पाय त्यांनी दुसऱ्या पायावर ठेवला होता, आणि कोटाची सगळी बटणं लावलेली होती. गळ्यापर्यंत. वर्षभर त्यांना एक बटण लावता येत नव्हतं. रोज सकाळी मी लावायची. आणि त्या दुपारी मी निघाले तेव्हा कोट खुंटीवर होता.

मी मनगट चाचपलं. नाडी लागली. डॉक्टर म्हणाले होते तशीच, वर्षभर होती तशीच, दोन ठोके आणि एक चुकलेला.

“उशीर केलात,” डॅडी म्हणाले. “ती दोनदा खाली जाऊन आली.”

“कोण, डॅडी?”

“मी उतरत होतो. तुझा दिवा दिसत होता. मग गेला. सगळेच गेले. मला वाटलं, आपलं खोरंच संपलं.” ते माझ्याकडे बघत नव्हते. इनग्रिडच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. “ती म्हणाली, आता उतरू नकोस, बस इथं. मी आणते त्यांना.”

“डॅडी, इथं कुणी नाही.”

“अगं, तुमच्याबरोबरच तर आली.” ते माझ्यावर जरा चिडले, घरी पाहुण्यांसमोर चिडायचे तसे. मग सावकाश उठले, मला टेकून. “चला. आज दारापर्यंतच सोडते म्हणाली.”

इनग्रिडने तोंडावर हात दाबून धरला होता. दुसऱ्या हातातल्या पडद्यावर रेघ कडेला भिडली होती.

उतरताना उजव्या बाजूने मी त्यांना धरलं होतं. इनग्रिड पुढे टॉर्च घेऊन. डावा हात डॅडींनी कोपरात वाकवून अंगापासून जरा लांब धरला होता, चर्चमध्ये बायकोला घेऊन जाणारी माणसं धरतात तसा. मी तिकडे पाहिलं नाही. पायाखाली पाहिलं. त्यांच्या अनवाणी पायावर माझा रुमाल बांधला होता, तो सुटत होता, एवढंच मी मनात घोळवत राहिले.

कुंपणापाशी आलो आणि खाली दिवे लागले. आधी चर्चचा. मग वळणावरची घरं, ओढ्याकाठचं घर, गोठे, गाड्या. मिस अ‍ॅल्माने नाताळचे दिवेही लावले होते. धुकं सगळीकडून पिवळं झालं. डॅडी लहान मुलासारखे हसले. इनग्रिडने खेळण्याकडे पाहिलं. रेघांचं रान माजलं होतं, त्यात लंगडी कुठली ते आता ओळखता येत नव्हतं.

शेरीफची माणसं अंगणात पोचली होती. कांबळं, गरम कॉफी, प्रश्न. डॅडींनी पुढच्या दाराशी येऊन टोपी काढली आणि दार धरून उभे राहिले. आधी मी आत गेले. मग इनग्रिड. ते तसेच उभे. थोडा वेळ वाट पाहिली, बाहेर बघून मान लववली, आणि आत येऊन दार हळूच लावलं.

त्यानंतर डॅडी कधी घराबाहेर पडायला निघाले नाहीत. बूट मी उघड्यावर ठेवायला लागले. नवं कडं त्यांनी स्वतः हात पुढे करून घालून घेतलं. फक्त संध्याकाळी दाराकडे बघून आवाज खाली करायचे.

“बाहेर थंडी आहे, लेटा. तिला आत घ्यायचं नाही का?”

“कुणी नाही, डॅडी.”

“बरं,” म्हणायचे. “तिलाही घाई नाही.”

मी पुढचं दार वापरणं सोडलं. स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करायची. कुणी विचारलं तर म्हणायची, पायऱ्या निसरड्या झाल्यात.

फेब्रुवारीत गोठणारा पाऊस पडला. झाडं काचेची झाली, तारा तुटल्या, खोऱ्याची वीज गेली ती येईचना. त्याच दिवसांत एका दुपारी शेगडीजवळच्या खुर्चीत डॅडी झोपले ते उठले नाहीत. मी शेजारी बसून बटाटे सोलत होते. मला कळलंसुद्धा नाही. त्रास झाला नाही म्हणतात सगळे, आणि मला ते खरं वाटतं.

माती दिली त्या दिवशी बायका जेवण घेऊन आल्या, गेल्या. सगळ्यांत शेवटी इनग्रिड आली. खिडकीतून मला ती पुलावरून येताना दिसली, हातात झाकलेलं भांडं. पुढच्या पायऱ्यांपाशी ती थांबली. थोडा वेळ नुसती उभी होती. मग घराला लांबून वळसा घालून, बर्फातून, स्वयंपाकघराच्या दाराने आत आली.

“तूही?” मी म्हणाले.

तिने भांडं टेबलावर ठेवलं. कोटाच्या खिशातून गुलाबी खेळणं काढलं आणि माझ्यासमोर धरलं. खोऱ्यात वीज नव्हती. डॅडींचं कडं शेरीफची माणसं घेऊन गेली होती. पडद्यावर सपाट जमीन होती, आणि एक रेघ.

“मला वाटलं होतं,” ती म्हणाली, “आता ती जाईल.”

“कुठं आहे?”

तिने खेळणं छातीशी धरलं आणि सावकाश फिरली. पुढच्या दाराकडे पाठ झाली तेव्हा रेघ खाली बसली. ती परत माझ्याकडे वळली.

“लंगडतेय?” मी विचारलं.

“नाही.” तिने ओठ ओले केले. “आता सरळ चालतेय. मी पुलावर होते तेव्हा सावकाश होती. तू मला बघून उठलीस ना खिडकीतून… तेव्हापासून भरभर.”

शेगडीत एक लाकूड कोसळलं. आम्ही दोघी दचकलो. इनग्रिडने न विचारता माझा हात ओढून घेतला, मनगटावर दोन बोटं टेकवली आणि पडद्यावरची रेघ ठोक्यांशी ताडत राहिली. तिचे ओठ मोजत होते. मग मोजायचे थांबले.

तिने बोटं उचलली. खेळणं उलटं करून टेबलावर पालथं ठेवलं, भांड्यावरचं झाकण काढलं, माझ्यासाठी ताटली घेतली.

“लेटा,” ती म्हणाली, “जेवून घे. गरम आहे तोवर.”